सोलर स्टिलमधून जास्त पाणी कसं काढायचं: कामाचा क्रम, मापं आणि नेहमीच्या चुका

सोलर स्टिल म्हणजे उन्हानं खारट पाण्याची वाफ करून ती काचेवर गार झाली की शुद्ध पाणी म्हणून गोळा करणारी पेटी. बनवायला सोपी. काळी पेटी, त्यात खारट पाणी, वर तिरकी काच, काचेखाली नाली, नालीतून बाटली. शिरोळ तालुक्यात रानात मीठ फुटलेलं आहे आणि विहिरी मचूळ झाल्यात, तिथं काहींनी ती करून बघितली. कोल्हापूर शहरात नळाला गोडं पाणी असल्यामुळे पिण्यासाठी तिची गरज नाही, पण बॅटरीत घालायला आणि शाळेच्या प्रयोगशाळेला डिस्टिल्ड पाणी लागतंच.

अडतं ते पुढं. एक चौरस मीटरची पेटी दिवसाला जेमतेम एक लिटर देते. मग माणूस इंटरनेटवर शोधतो आणि मेण भरतो, आरसे लावतो, पाण्यात मिसळायच्या नॅनो पावडरच्या (अतिसूक्ष्म कणांच्या भुकटीच्या) मागे लागतो. पेटीच्या कडेनं वाफ चाललेली असते तिकडे कुणी बघत नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका. आधी वाफ आणि उष्णता अडवा, मग पाण्याची खोली ठरवा, आरसे वगैरे सगळ्यात शेवटी.

## आधी हिशेब: आज पेटी किती देते?

मोजल्याशिवाय सुधारणा करू नका. कोल्हापुरात निरभ्र दिवशी एक चौरस मीटरवर साधारण ५ ते ६.५ युनिट, म्हणजे किलोवॉट-तास, ऊन पडतं. ५.५ युनिट धरले तर ते १९.८ मेगाज्यूल होतात. पेटीतल्या तापमानाला एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २.३५ मेगाज्यूल लागतात. म्हणजे उन्हाचा कणही वाया गेला नाही तरी ८.४ लिटरच्या वर पाणी निघणार नाही. साध्या पेटीची कार्यक्षमता ३० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान असते, म्हणून चांगल्या उन्हात अडीच ते साडेतीन लिटर हे खरं उद्दिष्ट. तोंडी हिशेबाला एवढं लक्षात ठेवा: चौरस मीटरमागे एक लिटर म्हणजे साधारण १२ टक्के.

"रोज दहा लिटर" असं कुणी सांगितलं तर पेटी किती चौरस मीटरची आणि तिला बाहेरून गरम पाणी दिलं जातं का, हे विचारा.

मोजायचं सकाळी सात ते दुसऱ्या दिवशी सकाळी सात. सूर्य मावळला की बरेच जण बाटली उचलतात. पण संध्याकाळी काच गार होते आणि आतलं पाणी अजून गरमच असतं, त्यामुळे थेंब रात्रीपर्यंत पडत राहतात. ते पाणी हिशेबातून सुटतं.

तपासा: सलग तीन निरभ्र दिवसांचे आकडे वहीत लिहा. पुढचा प्रत्येक बदल एकेकटाच करा आणि मग परत मोजा. दोन बदल एकदम केलेत तर कशामुळे पाणी वाढलं ते कधीच कळणार नाही.

## पायरी १: जागा आणि दिशा

काचेचा उतार दक्षिणेकडे हवा, म्हणजे ठेंगणी बाजू दक्षिणेला आणि उंच बाजू उत्तरेला. फोनमधलं होकायंत्र पत्र्याच्या पेटीवर ठेवून दिशा पाहू नका, लोखंडाजवळ काटा भरकटतो. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, टांगा आणि त्याची सावली सर्वात आखूड होईल तेव्हा तिच्यावर रेघ मारा. ही उत्तर-दक्षिण रेघ. मात्र घड्याळात बारा वाजले म्हणून मारू नका. कोल्हापूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला असल्यानं इथं सूर्य माथ्यावर यायला साडेबारा होतात, आणि महिन्यानुसार त्यातही पाव तास इकडेतिकडे होतो.

सावली फक्त आजची बघू नका. मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात तो कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीसच का होतो, हे ज्याला कळतं त्याला सूर्याची वाट वर्षभर सरकते हे वेगळं सांगावं लागत नाही. २२ डिसेंबरला भर दुपारीही इथला सूर्य क्षितिजापासून ५० अंशांपर्यंतच चढतो. मे महिन्यात मोकळी वाटणारी गच्ची डिसेंबरात शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाते.

## पायरी २: पेटीची मापं

पेटी चौरस करू नका. पूर्व-पश्चिम लांब आणि दक्षिण-उत्तर अरुंद ठेवा. त्यामुळे मागची भिंत बुटकी होते, आतली हवा कमी राहते आणि बाजूच्या भिंतींची सावलीही कमी पडते. एक चौरस मीटरसाठी ही मापं चालतात:

- आतला ट्रे: १३५ × ७५ सेंटिमीटर
- पुढची, म्हणजे दक्षिणेची भिंत: १० सेंटिमीटर
- मागची भिंत: साडेचौतीस सेंटिमीटर
- काच: १४१ × ८५ सेंटिमीटर, चारी बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर टेकणारी

यातून काचेला १८ अंशांचा उतार मिळतो. कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर आहे, त्याच्याशी हे जुळतं. याहून चपटी काच ठेवली तर थेंब नालीपर्यंत घसरत न येता मधूनच परत ट्रेमध्ये पडतात. म्हणजे एकदा खर्च केलेल्या उष्णतेवर अक्षरशः पाणी. आणि ४५ अंशांची उभी काच करून भागत नाही, कारण आतली हवा आणि भिंतींचं क्षेत्रफळ दोन्ही उगाच वाढतात.

ट्रे एसएस ३०४ चा (स्टेनलेस स्टीलचा) मिळाला तर उत्तम. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पत्रा चालतो, पण आतून पूर्ण रंगवलेला हवा आणि शिवणी सोल्डर किंवा सीलंटनं बंद केलेल्या हव्यात. कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात पत्रा वाकवून देणारे कारागीर भरपूर आहेत. त्यांना कागदावर माप काढून द्या आणि काटकोन स्वतः तपासून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे घेऊ नका, खारट पाण्यात त्याला बारीक भोकं पडतात.

## पायरी ३: तळ आणि बाजू गुंडाळणं

ट्रेच्या तळाखाली आणि चारी बाजूंना किमान ५ सेंटिमीटर इन्सुलेशन हवं. बाजू विसरण्याची चूक फार दिसते. तळाला जाड थर दिलेला असतो आणि मागची भिंत नुसत्या पत्र्याची, वाऱ्याला उघडी.

ट्रेला चिकटून ग्लासवूल किंवा रॉकवूल घाला, थर्मोकोल त्याच्या बाहेर. पाणी असताना ट्रे ६०-७० अंशांपर्यंत जातो, तेवढं थर्मोकोल सोसतो. पण एखाद्या दिवशी ट्रे कोरडा राहिला की तापमान बरंच वर चढतं आणि थर्मोकोल आक्रसतो. ग्लासवूल भरताना हातमोजे घाला, नाकाला फडकं बांधा. बाहेरून पत्रा किंवा प्लायचं आवरण द्या आणि त्याच्या सांध्यांतून पावसाचं पाणी आत जाणार नाही असं करा. भिजलेलं इन्सुलेशन काही अडवत नाही, उलट ट्रे थंड करतं.

तपासा: दुपारी दोन वाजता बाहेरून तळाला आणि मागच्या भिंतीला हात लावा. हवेपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथून उष्णता जातेय.

पेटी बसवताना ट्रे पाणसळीत, म्हणजे अगदी सपाट, असायला हवा, लांबीतही आणि रुंदीतही. आपण दीड सेंटिमीटर पाणी ठेवणार आहोत. ट्रे एका कडेला तीन सेंटिमीटर कलला तर दुसरी कड कोरडी पडणार. पाणसळ लहान असेल तर सरळ ट्रेमध्ये पाणी ओता आणि चारी कोपऱ्यांत पट्टी बुडवून बघा.

## पायरी ४: काच, नाली आणि सील

पेटीचं पाणी इथंच वाढतं किंवा बुडतं, म्हणून हे काम घाईत उरकू नका.

काच. ४ मिलिमीटरची साधी पारदर्शक काच चालते. टफन्ड हवी असेल तर माप आधी पक्कं करा, कारण टफन्ड झाल्यावर ती कापता येत नाही. जुन्या खिडकीची निळसर, काळसर किंवा आरशासारखी चमकणारी काच वापरू नका. ती ऊन अडवायलाच बनवलेली असते. अ‍ॅक्रिलिक हलकं म्हणून मोहात पाडतं, पण उन्हानं मधे वाकतं आणि त्यावर पाण्याचे गोल थेंब धरतात.

काचेची आतली बाजू भांडी घासायच्या साबणानं धुवा, भरपूर पाण्यानं खळबळून काढा आणि नंतर तिला बोट लावू नका. तेलकट काचेवर वाफेचे सुटे थेंब बनतात. ते ऊन परत फेकतात आणि खाली टपकतात. स्वच्छ काचेवर पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो आणि सरळ ओघळतो.

तपासा: धुतलेल्या काचेवर पाणी शिंपडा. ते चादरीसारखं पसरलं तर काच तयार आहे. मोती झाले तर परत धुवा.

नाली. पुढच्या भिंतीला आतून तीन-चार सेंटिमीटर रुंद नाली बसवा. वरचं टोक काचेखाली दीड सेंटिमीटर, बाहेर पडायचं टोक साडेचार सेंटिमीटर, म्हणजे १३५ सेंटिमीटरमध्ये तीन सेंटिमीटर उतार. नालीची आतली कड ट्रेमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवी, नाहीतर पेटी हलली की खारट पाणी आत उडतं. बाहेरची कड भिंतीला सलग चिकटवा. तिथं फट राहिली तर काचेवरून आलेलं पाणी भिंतीवरून ओघळून परत ट्रेमध्ये जातं आणि वरून काहीच दिसत नाही.

नाली एसएसची करा. डिस्टिल्ड पाणी धातू खातं. जीआयमधून जस्त, पितळेतून तांबं घेऊन येतं. बॅटरीला ते चालत नाही आणि पोटालाही नको.

सील. काच थेट पत्र्यावर ठेवू नका. आधी कडेवर रबरी पट्टी, तीवर काच आणि मग बाहेरून न्यूट्रल सिलिकॉनची सलग रेघ. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन पत्र्याला गंजवतं. इपॉक्सी लांबी वापरू नका, काच आणि पत्रा वेगवेगळे प्रसरण पावतात आणि ती तडकते. सिलिकॉन लावायच्या आधी दोन्ही पृष्ठभाग कोरडे आणि धूळमुक्त हवेत. पाणी भरण्याआधी ते किमान दोन दिवस सुकू द्या. चारही कोपऱ्यांत दुसरी रेघ मारा, गळती बहुतेक तिथूनच सुरू होते.

पाईप आणि बाटली. नालीपासून बाटलीपर्यंत सिलिकॉनची नळी सतत उतरती ठेवा. मधे झोळ पडला तर पाणी अडून नालीत तुंबतं. बाटली सावलीत आणि बूच घट्ट, पण बुचाला सुईएवढं एक छिद्र हवं. आतली हवा तापून फुगते. तिला वाट दिली नाही तर ती सील फोडून स्वतःची वाट करते.

> सावधान: भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. साधी काच तडकते. काच धुवायची ती सूर्योदयाआधी किंवा दिवस कलल्यावर.

## गळतीची परीक्षा: वजाबाकी

पुढं जाण्याआधी हे कराच. सकाळी ट्रे पूर्ण रिकामा करा आणि मोजून १५ लिटर पाणी भरा. चोवीस तासांनी बाटलीतलं पाणी मोजा. ट्रेमधलं पाणीही पूर्ण काढून मोजा. समजा बाटलीत १.४ लिटर आणि ट्रेमध्ये १२.३ लिटर. बेरीज १३.७ झाली. १.३ लिटर कुठं गेलं? भिंतींवर, काचेवर आणि ट्रेच्या कोपऱ्यांत पाव लिटरपर्यंत राहू शकतं. बाकीचं वाफ होऊन बाहेर गेलं किंवा ट्रेच्या शिवणीतून इन्सुलेशनमध्ये झिरपलं. म्हणजे तुमची पेटी वाफ करते आहे, तुम्हाला देत नाही एवढंच.

वाफ कुठून जाते ते पहाटे कळतं. सीलजवळ बाहेरून ओल किंवा मिठाची पांढरी रेघ दिसली तर जागा सापडली. नाहीतर रिकाम्या पेटीत काही मिनिटं उदबत्ती ठेवा आणि धूर कुठून निघतो ते पाहा.

वजाबाकी पाव लिटरच्या आत येईपर्यंत पाचवी पायरी वाचू नका, असं मी सांगेन. इथं थांबवलेली गळती कुठल्याही महागड्या उपायापेक्षा जास्त पाणी देते.

## पायरी ५: पाणी किती भरायचं

दीड सेंटिमीटर. एक चौरस मीटरला ते १५ लिटर होतं. "जास्त भरलं की जास्त निघेल" हा समज सर्वांत घट्ट बसलेला आहे. पाच सेंटिमीटर भरलं तर ५० लिटर होतं आणि ते ३५ अंशांनी तापवायलाच सात मेगाज्यूलच्या वर खर्च होतात, म्हणजे दिवसाच्या उन्हाचा तिसरा हिस्सा. त्यातली थोडी उष्णता रात्री परत मिळते, बरीच तळातून आणि बाजूंतून निसटते. एक सेंटिमीटरला हा खर्च दीड मेगाज्यूल आहे.

मग अर्धा सेंटिमीटर का नको? कारण मे महिन्यात दुपारनंतर ट्रेच्या कडा कोरड्या पडतात, मीठ घट्ट चिकटतं आणि रंग सोलतो. पेटी पाणसळीत अचूक बसली असेल आणि रोज लक्ष देणार असाल तर एक सेंटिमीटरपर्यंत उतरा. गावाला जाणार असाल तर दोन ठेवा.

दीड सेंटिमीटर उंचीवर ट्रेला ओव्हरफ्लोची नळी काढा, म्हणजे मोजत बसावं लागत नाही. दिवसा मात्र या नळीला बूच लावा, तिच्यातूनही वाफ जाते.

पाणी पहाटे भरायचं. दुपारी एक बादली गार पाणी ओतलं की पुढचे एक-दोन तास वाया गेले.

## पायरी ६: काळा रंग आणि कापड

ट्रेला मॅट काळा, उष्णता सोसणारा रंग द्या. चकचकीत काळा ऊन परत फेकतो. रंग सुकल्यावर पेटी तीन-चार दिवस उघडी उन्हात तापू द्या, मग पाणी भरा, आणि पहिल्या काही दिवसांचं पाणी वास जाईपर्यंत टाकून द्या. मागच्या भिंतीला आतून काळा नको, पांढरा द्या. ती ऊन ट्रेवर परतवते.

आता कापड. ट्रेमध्ये काळं सुती कापड अंथरून त्याच्या सुरकुत्या पाण्याच्या वर राहतील असं केलं की बाष्पीभवनाचं क्षेत्र वाढतं. गोणपाटही चालतं, पण ते कुजतं आणि वास धरतं. काळं कापड घेतलंत तर धुतलेल्या पाण्यात रंग उतरायचा थांबेपर्यंत धुवा. त्याचे उंचवटे सुकून मिठानं पांढरे झाले तर फायदा उलटतो, म्हणून ते आठवड्यातून एकदा खळबळून काढायची तयारी असेल तरच वापरा. आळस असेल तर कोळशाचे किंवा काळ्या खडीचे धुतलेले तुकडे पातळसर पसरा. फायदा कमी, कटकटही कमी.

## पायरी ७: मीठ धुऊन काढणं

रोज फक्त आटलेलं तेवढंच पाणी भरत राहिलं तर ट्रेमध्ये मीठ साठतं. जड पाण्यात चुन्याचा पांढरा थरही बसतो आणि काळा ट्रे आरशासारखा ऊन परतवू लागतो. "पहिल्या महिन्यात छान चालली, मग पडली" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

नियम सोपा: काल जेवढं पाणी मिळालं त्याच्या तिप्पट आज पहाटे भरा. तीन लिटर मिळालं तर नऊ लिटर ओता. तीन भर घालतात, सहा ओव्हरफ्लोतून मीठ घेऊन जातात. महिन्यातून एकदा ट्रे पूर्ण रिकामा करून मऊ ब्रशनं घासा. चुना निघत नसेल तर पातळ व्हिनेगर. संडास साफ करायचं अ‍ॅसिड जीआय ट्रेच्या जवळपासही आणू नका.

हे वाहून आलेलं पाणी रानात किंवा झाडांच्या बुडात सोडू नका. क्षारपड जमिनीत मिठाची भर घालायला आपली गरज नाही.

गळीत हंगामात आणखी एक काम वाढतं. गुऱ्हाळांची आणि कारखान्यांची काजळी, पेटवलेल्या पाचटाची राख काचेवर बसते. तेव्हा काच रोज पुसा, एरवी दोन-तीन दिवसांनी.

## पायरी ८: आता जादा उपाय

मागचा आरसा. उत्तरेच्या कडेवर उभा चकचकीत अ‍ॅल्युमिनियम पत्रा लावला तर हिवाळ्यातलं खालच्या कोनातलं ऊन ट्रेवर पडतं. पण तो वर्षभर ठेवायचा नाही. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारीही तो इथं माथ्याच्या उत्तरेला असतो. मग आरसाच ट्रेवर सावली धरतो. दसऱ्याला लावा, होळीला काढा.

सोलर गिझरचं गरम पाणी. गच्चीवर गिझर असेल तर सकाळी उरलेलं पाणी ट्रेमध्ये भरा. १२ लिटर पाणी २५ ऐवजी ६० अंशांचं भरलं तर सुमारे पावणेदोन मेगाज्यूल आयते मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त पाऊण लिटर वाफेपुरते. मला हा सगळ्यात स्वस्त जादा उपाय वाटतो.

मेण. तळाखाली पॅराफिन ठेवलं तर ते दिवसा उष्णता साठवतं आणि रात्री देतं. पण सकाळी तीच उष्णता पाण्याकडून काढूनही घेतं. दिवसाच्या एकूण बेरजेत फरक कमी पडतो आणि गळलं तर ट्रे खराब होतो. नॅनो पावडर पिण्याच्या किंवा बॅटरीच्या पाण्याच्या आसपास घरगुती पातळीवर नको.

## पाणी हातात आल्यावर

टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, २० पीपीएमच्या (लिटरला २० मिलिग्रॅमच्या) आत यायला हवं. ५० च्या वर गेलं तर नालीत खारट पाणी उडतंय किंवा नाली नीट धुतलेली नाही. मीठ, नायट्रेट, फ्लोराइड ट्रेमध्येच राहतात. पण उडणारी द्रव्यं, म्हणजे पेट्रोल, थिनर, काही कीटकनाशकं, वाफेबरोबर वर जाऊन पाण्यात येऊ शकतात. टीडीएस मीटर ती दाखवत नाही. औषधाचे पंप जिथं धुतले जातात त्या विहिरीचं पाणी पिण्यासाठी या पेटीत घालू नका.

पिण्यासाठी वापरणार असाल तर नाली आणि बाटली आठवड्याला उकळत्या पाण्यानं धुवा. चव सपक लागते, थोडं चांगलं नळाचं पाणी मिसळलं की जमतं. चार माणसांना रोज बारा लिटर लागलं तर चांगल्या उन्हातही चार-पाच चौरस मीटर पेटी हवी. हा आकडा पैसे घालण्याआधी बघा.

## पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर पेटीकडून फारशी अपेक्षा ठेवू नका, पण तिला झाकूनही ठेवू नका. काचेच्या खालच्या कडेला बाहेरून अर्धगोल पन्हळ बसवा. एक चौरस मीटर काचेवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १० लिटर पाणी मिळतं, उन्हाळ्यातल्या तीन दिवसांएवढं. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, त्यात काजळी असते. ट्रेमध्ये मात्र दोन सेंटिमीटर पाणी ठेवाच, मधेच उघडीप मिळाली तर कोरडा ट्रे तापायला नको. दसऱ्याला आरसा लावताना सीलवरून बोट फिरवा. जिथं सिलिकॉन सुटलेलं लागेल तिथलं पूर्ण खरवडून काढा आणि नवीन भरा, कारण जुन्या सिलिकॉनवर नवीन धरत नाही.